उघड्या डोक्याचा माणूस

"आप्पा, तो बघा! त्याच्या डोक्यावर काहीच नाही."

मी ओट्यावर बसून टोप्यांच्या अस्तराचे लोंबणारे दोरे तोडत होते. आप्पांनी मान वर केली आणि मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. गल्लीच्या तोंडाशी एक तरणा माणूस उभा होता. अंगात पांढरा शर्ट, खाली विजार, पायांत धुळीने भरलेल्या चपला आणि डोकं साफ उघडं. वाऱ्याने विस्कटलेले केस तो हाताने मागे सारत होता आणि दारांकडे बघत होता.

नगरच्या आमच्या शिंपी गल्लीत ही केवढी गोष्ट होती, ते आज सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. आता माझे नातू लग्नालासुद्धा उघड्या डोक्याने जातात. तेव्हा दुधाची कासंडी घेऊन येणारा गवळी मुंडासं बांधून यायचा, मारवाडी पगडी घालून, बोहरी शेठजी जरीच्या किनारीची टोपी घालून. मास्तरांची काळी टोपी, पुढाऱ्यांची पांढरी, हमालांचं फडकं. आप्पा टोप्या शिवायचे. माणूस कोण, कुठला, ते आप्पा आधी डोक्यावरून ओळखायचे आणि मग तोंडाकडे बघायचे. डोक्यावर काही न घालता पुरुष घराबाहेर पडायचा तो एकाच कारणाने. घरात कुणी गेलं तर.

"आत जा, यमे," आप्पा म्हणाले.

मी आत गेले नाही. दाराच्या फळीमागे उभी राहिले.

तो माणूस ओट्याशी आला. "केशव वाघचौरे यांचं घर कुठलं? त्यांच्या मंडळींना भेटायचंय."

"आपण कुठून आलात?"

"कारखान्यावरून. मी गुंजाळ. त्यांच्या हाताखाली असतो."

केशवदादा आमच्या शेजारचे. लांबच्या एका साखर कारखान्यावर कामाला होते. तिथे राहायला जागा मिळाली नव्हती म्हणून वेणूवहिनी इथेच, गल्लीत. मूलबाळ नव्हतं. सणावाराला ते यायचे, आले की गल्लीभर गूळ वाटायचे.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"पोटात दुखायला लागलं परवा. डॉक्टर म्हणतात, आतडं फुटलंय. जास्त आहे. वहिनींना घेऊन यायला सांगितलंय. दहाची मोटार मिळाली तर बरं."

"बसा. चहा घ्या."

"चहा नको. पाणीही नको. वहिनींना बोलवा तेवढं."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ते त्यांनी मुद्दाम केलं नाही, हात आपोआप गेला. एवढ्यात नळावरून आई आणि गोदूमावशी हंडे घेऊन आल्या. गोदूमावशी आईच्या कुणी लागत नव्हत्या, पण गल्लीतलं कुठलंही लग्न, बारसं, मयत त्यांना विचारल्याशिवाय होत नव्हतं. त्यांनी त्या माणसाच्या डोक्याकडे पाहिलं, आप्पांच्या मांडीवरच्या टोपीकडे पाहिलं आणि हंडा खाली ठेवला.

"कोण?" त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं.

"केशव," आप्पा म्हणाले. "जास्त आहे म्हणतायत."

"अगं बाई!" आई मटकन खाली बसली.

गोदूमावशी त्या माणसाजवळ गेल्या. "बाबा, खरं काय ते आम्हांला सांग. आम्ही काही तिच्या नात्यातल्या नाही. आम्हांला सांगायला हरकत नाही."

"खरंच सांगतोय, मावशी. जास्त आहे. सारखी वहिनींची आठवण काढतायत."

"हो, हो," मावशी म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

कारण सगळे हेच म्हणायचे. आमच्यात मेल्याची बातमी कुणी तोंडाने सांगत नसे. माझी आजी गेली तेव्हा मामा आईला न्यायला आला होता, तो 'ताप चढलाय, तुझी आठवण काढतेय' असंच म्हणाला होता. आईने त्याला एकदासुद्धा उलटून विचारलं नाही. त्याचं उघडं डोकं पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं. असा आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आता अडचण अशी होती की त्याच दिवशी आमच्या ताईला बघायला बार्शीहून माणसं यायची होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण तारा. तिचं वय बाविशीला टेकलं होतं. रंग सावळा, डाव्या डोळ्यात बारीकसं फूल पडलेलं. पाचसहा ठिकाणी नकार झाला होता. शेवटच्या वेळी आलेल्या बाईने तर उठताना, 'धाकटी केवढी आहे?' म्हणून माझ्याकडे बघून विचारलं होतं. त्या रात्री ताई जेवली नव्हती. बार्शीचं स्थळ शाळामास्तराचं होतं. आप्पांनी फार खटपटीने जुळवत आणलं होतं. आणि ताईला नेसायचं लुगडं वेणूवहिनीचं होतं.

ते लुगडं गल्लीतल्या सगळ्या मुलींचं होतं म्हटलं तरी चालेल. अंजिरी रंग, रुईफुली काठ, पदराला जर. केशवदादांनी लग्नात घेतलेलं. आमच्या कुणाकडे तसलं काही नव्हतं. मुलगी दाखवायची असली की आदल्या संध्याकाळी ते लुगडं त्या घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी वेणूवहिनी स्वतः येऊन नेसवायची. तिच्या हातच्या निऱ्या अशा बसायच्या की मुलगी दोन बोटं उंच दिसायची. भिंगारकरांची सुशी, तांबोळणीच्या शेजारची कोंडाबाई, सगळ्या त्याच लुगड्यात दाखवल्या गेल्या आणि त्याच लुगड्यात पसंत झाल्या. पाहुण्यांना कळत नसे. गल्लीबाहेर कुणी बोलत नसे.

लुगडं कालपासून आमच्या घरी होतं.

आप्पांनी गुंजाळला सांगितलं, "वहिनी केडगावच्या देवीला गेल्यात. दुपारी येतील."

"मग मी जातो तिकडे. सायकल मिळेल का?"

"चुकामूक व्हायची. तुम्ही मोटारस्टँडवर बसा. त्या आल्या की आम्हीच घेऊन येतो. मी स्वतः येतो बरोबर."

"पण दहाची मोटार—"

"दुपारची आहे ना."

तो पोरगेला माणूस घुटमळला. शहर त्याच्या ओळखीचं नव्हतं. वेणूवहिनीला त्याने कधी पाहिलं नव्हतं. आमच्या दारापासून वीस पावलांवर ती अंगण झाडत होती. खराट्याचा आवाज येत होता. "लवकर करा हं," असं तीनदा म्हणून तो गेला.

तो वळणाआड झाल्यावर आई म्हणाली, "हे बरं नव्हे. तिला सांगू या."

"सांग," गोदूमावशी म्हणाल्या. "आणि पाहुण्यांपुढे ताराला काय नेसवतेस? विधवेचं लुगडं? की माझं हे ठिगळाचं?"

"अहो, पण ती सवाष्ण म्हणून कशी नेसवणार आता?"

"आहेच ती सवाष्ण. कानावर पडेस्तोवर सुतक नाही. शास्त्र आहे ते. परदेशी माणूस मेला, चार महिन्यांनी कळलं, तर सुतक कळल्यापासून धरतात की नाही? तिला कळलेलं नाही. मग तिचं कुंकू खरं, तिचं लुगडं खरं."

"आपल्याला तर कळलंय."

"आपला कोण लागतो तो?"

आई आप्पांकडे बघत राहिली. आप्पांनी टोपी परत डोक्यावर घातली. "गेलेल्याला आता काय घाई?" ते म्हणाले. "दोन घटका इकडेतिकडे. तिला तरी दोन घटका सुखाच्या मिळतील. ते लोक गेले की सगळे मिळून सांगू. मी तिच्याबरोबर जाईन, सगळं उरकेपर्यंत थांबेन."

मग त्यांना फळीमागे मी दिसले. आईने माझा दंड धरला. "ऐकलंस? शब्द काढायचा नाही."

वेणूवहिनी न्हाऊन आली. केस ओले, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात मोगऱ्याची वेणी. दारातूनच ओरडली, "कुठाय नवरी? अजून चुलीपाशीच? अगं, धुराचा वास येईल अंगाला. मास्तर म्हणेल, मुलगी आहे की पापड भाजलाय!"

ताई हसली. त्या घरात हसणाऱ्या तेवढ्या दोघीच होत्या. ताईला कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनीने लुगड्याची घडी मोडली, अंगाभोवती फिरवली, ताईच्या पोटात गुद्दा मारून म्हणाली, "श्वास घे आत! लग्नानंतर सोड." आई कोपऱ्यात पोहे परतत होती. ती पाठ वळवून बसली होती. गोदूमावशी सुपारी कातरत होत्या, एकच सुपारी कातरून कातरून तिचा भुगा झाला होता.

"आज सगळ्या एवढ्या मुक्या का?" वहिनीने विचारलं. "काकू, रडताय की काय? अजून पसंत झाली नाही तोच?"

"धूर गेला डोळ्यात," आई म्हणाली.

"तारे, घाबरू नको. मला बघायला आले तेव्हा मी चहाची कपबशी ह्यांच्या मांडीवर सांडली होती. मला वाटलं, झालं! तर हे आपल्या आईला म्हणतात, 'मुलगी कामसू दिसते, लगेच पुसायला धावली.'" ती निऱ्या चिमटीत धरून खोचायला लागली. "ह्या पाडव्याला येणारेत. आले की त्यांच्यासमोर तुझी मस्करी करते की नाही बघ."

ताई म्हणाली, "वहिनी, नाव घ्या ना. तुम्ही नेहमी घेता नेसवताना. शकुन असतो."

गोदूमावशींचा अडकित्ता थांबला.

"घेते की. त्यात काय?" वहिनीने पदर ताईच्या खांद्यावरून घेतला, जर वर काढली आणि ठसक्यात म्हणाली,

"अंजिरी लुगड्याला रुईफुली काठ,
केशवरावांची बघते पाडव्यापर्यंत वाट!"

आईच्या हातातून उलथनं पडलं.

बार्शीची माणसं आली. मुलाची आई, मामा आणि मुलगा स्वतः. मुलाची आई धिप्पाड बाई होती, गळ्यात बोरमाळ. तिने ताईला चालायला लावलं, बोटं बघितली, रुखवतात काय येतं ते विचारलं. डोळ्यातलं फूल तिला दिसलं असावं, कारण ती जरा थांबली. मग लुगड्याकडे बघत म्हणाली, "नेसणं मात्र छान आहे हो! स्वतः नेसलीय?"

"आमच्या शेजारच्या वेणूने नेसवलंय," आई म्हणाली.

"बोलवा की त्यांना."

वेणूवहिनी माजघरातून बाहेर आली. त्या बाईने तिला जवळ बसवलं, आमच्याच करंड्यातलं कुंकू घेऊन तिच्या कपाळाला लावलं आणि म्हणाली, "अशी सवाष्ण शेजारी आहे म्हणजे मुलीला वळण चांगलंच असणार." वहिनी लाजली. तिने वाकून नमस्कार केला. "अखंड सौभाग्यवती भव," ती बाई म्हणाली.

आप्पा उठून अंगणात गेले.

मामांनी पसंती तिथल्या तिथे सांगितली. साखर वाटली. ती कडू लागावी असं आता लिहावंसं वाटतं, पण ती गोडच लागली आणि मी दुसरी चिमूटही मागितली. ताईने आत येऊन वहिनीला घट्ट मिठी मारली. दोघी रडल्या. आनंदाने.

पाहुण्यांचा टांगा गल्लीतून बाहेर पडला आणि पाचेक मिनिटांत गुंजाळ आत आला. त्याला स्टँडवर राहवलं नव्हतं. उन्हाने तोंड लाल झालं होतं. वेणूवहिनी दारातच उभी होती, टांग्याकडे बघत.

"वेणू वाघचौरे?" त्याने विचारलं.

"मीच. का?"

"चला. दुपारची मोटार सुटेल. केशवराव तुमची वाट बघतायत."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग सावकाश मागे वळून आमच्याकडे पाहिलं. आमच्या तोंडांवर सगळं लिहिलेलं होतं. गोदूमावशींनी हंबरडा फोडला. "अगं वेणू, कसं गं झालं तुझं!" आई धावली, बायका दारादारांतून बाहेर आल्या, भिंगारकरकाकू वहिनीच्या हातांतल्या बांगड्यांपाशी जाऊन पोचल्यासुद्धा.

"अहो, थांबा! थांबा!" गुंजाळ ओरडला. "रडताय काय? ते आहेत! जिवंत आहेत! मी पहाटे निघालो तेव्हा बोलत होते माझ्याशी."

रडणं एकदम बंद झालं.

आप्पा पुढे आले. "मग टोपी?"

"कसली टोपी?"

"तुमच्या डोक्यावर टोपी नाही."

गुंजाळने केसांवरून हात फिरवला. "मी टोपी घालतच नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे कारखान्यावर आता कुणी घालत नाही."

"पाणी पण नाही घेतलंत..."

"घाई होती म्हणून नाही घेतलं. सांगत होतो की, घाई आहे."

वेणूवहिनी पायात चपलासुद्धा न घालता धावत सुटली. आप्पा आणि गुंजाळ तिच्यामागे. ताई त्या अंजिरी लुगड्यात दारात उभी होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. "काय झालं? काय झालं?" करत ती एकेकीला हलवत होती आणि कुणी तिला उत्तर देत नव्हतं.

दुपारची मोटार मिळाली. आप्पा तिसऱ्या दिवशी परत आले. ओट्यावर बसले. आईने पाणी दिलं, ते तसंच हातात धरून म्हणाले, "आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तासाभरापूर्वी गेला. दुपारपर्यंत चांगला शुद्धीवर होता. 'आली का?' म्हणून दर मोटारीला विचारत होता. दहाच्या मोटारीला नाही आली म्हटल्यावर म्हणाला, न्हात असेल. वेळ लागतो तिला."



तेराव्यानंतर वेणूवहिनी गल्लीत परत आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. आई तिच्याकडे जायला धजत नव्हती, तर तीच आमच्याकडे आली. उंबऱ्याबाहेर बसली. तशा बायका तेव्हा आत येत नसत.

"काकू, तुम्हांला कुणी सांगितलं होतं का, ते गेले म्हणून?"

"नाही."

"मग?"

आईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"लुगडं तुमच्याच घरी होतं. 'माणूस आलाय' एवढं म्हणायचं होतं फक्त. मी ताराला नेसवून गेले असते. नाही तर न नेसवता गेले असते, गोदूमावशींनी नेसवलं असतं. तारा काही उघडी बसली नसती." हे सगळं ती अगदी हलक्या आवाजात बोलली. रागावली असती तर आईला सोपं गेलं असतं.

ताईचं लग्न वैशाखात झालं. वहिनी मांडवात आली नाही. ताई बार्शीला गेली आणि संसाराला लागली. मास्तर बरा माणूस होता, पण सासूने तिला तो डोळा कधी विसरू दिला नाही. वेणूवहिनीचं नाव काढलं की ताई उठून दुसऱ्या खोलीत जायची. माहेरपणालाही ती हळूहळू यायची थांबली.

वहिनी आणखी चाळीस वर्षं त्या गल्लीत राहिली. गल्ली बदलली, मशिनी गेल्या, आप्पांच्या टोप्या कुणी घेईनासं झालं. ती शिलाई करून, शिकवण्या घेऊन दिवस काढत होती. आमच्या घराशी बोलणं तिने तोडलं नाही. मी माहेरी गेले की संध्याकाळी तिच्या पायरीवर जाऊन बसायची. ती मटार सोलत असायची, नाही तर तांदूळ निवडत. बोलता बोलता मध्येच विचारायची.

"काय सांगायचं असेल गं त्यांना?"

हा प्रश्न तिने मला किती वेळा विचारला असेल. गुंजाळला तिने मोटारीतच विचारलं होतं. तो म्हणाला होता, 'मी विचारलं, काही निरोप आहे का? तर म्हणाले, तुला नाही, तिलाच सांगायचंय.'

सुरुवातीला मी उत्तरं द्यायची. "घराचं काही असेल."

"घर भाड्याचं."

"पाडव्याला काही आणणार असतील."

"ते तर त्याला सांगता आलं असतं."

"तुम्ही पुढे कुणाकडे राहावं, काय करावं, असं काही."

"असेल," ती म्हणायची. पण पटलेलं नसायचं. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. पुढे मी उत्तरं देणं सोडलं. तिला उत्तर नकोच होतं, ती एकटीच एकेक गोष्ट हातात घेऊन बाजूला टाकत होती.

शेवटची भेटले ती सरकारी दवाखान्यात. खाटेवर अंगाने एवढीशी झाली होती. दवाखान्याचा ढगळ झगा, केस कापलेले. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. मग माझा हात धरून म्हणाली, "यमू, माझ्या लक्षात आलं."

"काय, वहिनी?"

"काही नसेलच सांगायचं. मी उगाच एवढी वर्षं डोकं शिणवलं. त्यांना मला नुसतं बघायचं असेल."

मी हो म्हटलं.

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी हात सोडवून घ्यायला लागले, तर तिने तो पुन्हा धरला.

"तेवढं तर मला जमलं असतं गं," ती म्हणाली.